पाचव्या दिवसाची काच

ती हसली नसती तर बरं झालं असतं. शुक्रवारी सकाळी मी प्रयोगशाळेचा जिना चढून वर आलो तेव्हा काउंटरसमोरच्या बाकावर ती बसली होती, मांडीवर झाकणाची प्लॅस्टिकची बादली, दोन्ही हात झाकणावर. मला पाहताच ती उठून उभी राहिली आणि हसली, परक्या जागी ओळखीचं माणूस भेटल्यावर हसावं तसं, हायसं वाटून. बादलीत काय आहे ते झाकण न काढताच मला कळलं. आमच्याकडे जिवंत कोंबडी कुणी बादलीतून आणत नाही. तरी तोंडाने "काय म्हणता?" असं विचारलंच. सवय. "साहेब, चाळीस गेल्या," ती म्हणाली. "बुधवारपासून आजपर्यंत. पहिल्या शेडमधल्या." आणि मग घाईघाईने, जणू मलाच सावरायला हवं होतं, "तुमचं काही नाही हो त्यात. मंगळवारी तुम्ही बघितलंत तेव्हा नव्हतंच ना. नंतर लागलं असणार."

नंतर. हा शब्द आधी कुठे भेटलाय ते आठवायला मला डोकं खाजवावं लागलं नाही. तो मी ऐकला नव्हता, मीच उच्चारला होता, अकरा वर्षांपूर्वी, एका लोखंडी खाटेशेजारी उभं राहून. पण तिकडे जायचं नव्हतं. मी तिच्या हातातून बादली घेतली, "बसा, बघतो," म्हणालो आणि आत आलो. बादली हलकी होती. सात आठवड्यांच्या कोंबडीला वजन ते किती असणार, त्यात आतून रक्त गेलेलं.

मी कोंबड्यांची विष्ठा तपासतो. एकतीस वर्षं हेच काम. लग्नात, बारशात कुणी विचारलं की मी "सरकारी प्रयोगशाळेत असतो" एवढंच सांगतो, कारण पुढचं सांगितलं की समोरचा माणूस ताट घेऊन हळूच दुसरीकडे सरकतो. इथे मला भिंगकाका म्हणतात. आमच्या धंद्याची एक म्हण आहे म्हणे, आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून. हा विनोद या खोलीत दर नव्या माणसाला एकदा तरी ऐकवला जातो आणि दर वेळी मी हसतो. बायको म्हणते, "समोर टेबलावर पडलेली किल्ली याला दिसत नाही आणि कोंबडीच्या शीमध्ये हजारातला एक जंतू दिसतो." तेही खरं आहे. नजरेचा मला गर्व आहे, नाही कशाला म्हणू? हवेचा बुडबुडा, परागकण, तेलाचा थेंब, यांना नवखी माणसं फसतात. मी फसत नाही. न फसता जी चूक होते ती मी केली होती.

मंगळवारी ती पहिल्यांदा आली तेव्हा औषधाच्या रिकाम्या डबीत नमुना घेऊन आली होती. गावाच्या टोकाला घर, घरामागे दोन शेड, नवरा मालाच्या गाडीवर महिन्यातले वीस दिवस बाहेर, घरात ती आणि सासू. एक दिवसाची पिल्लं आणून दोघींनी वाढवलेली. त्यांच्या भागातल्या डॉक्टरांनी तिला औषधाची बाटली देऊन ठेवली होती, किती पाण्याला किती ते वर लिहून. पण तपासणीत काही निघालं तरच उघडा, उगाच औषधाची सवय लावू नका, असं बजावलं होतं. शहाणा माणूस. मी नमुना मिठाच्या दाट पाण्यात कालवला, गाळला, मोजणीच्या काचेवर घेतला. या काचेवर जे हलकं असतं ते वर तरंगतं, आणि कॉक्सीच्या, म्हणजे रक्ती हगवणीच्या जंतूच्या, पुटी हलक्या असतात: लांबट गोल, दुहेरी कडेच्या, आत एक दाणेदार गोळा. दोन्ही चौकटी पाहिल्या. एकही नव्हती. पुन्हा नवी काच केली, पुन्हा एकही नाही. कागदावर लिहिलं, "आढळल्या नाहीत." खाली सही केली. सहीखाली आमचा एक रबरी शिक्का असतो: "लक्षणे दिसत असल्यास दोन दिवसांनी नमुना पुन्हा पाठवावा." तोही मारला, सरळ मारला, आणि कागद काउंटरवरच्या पेटीत टाकला. इथपर्यंत माझ्यासारखा चोख माणूस शोधून सापडायचा नाही.

मग मला दया आली. दीड तासाचा बसचा प्रवास करून ती कागद न्यायला पुन्हा येणार. तिचा हेलपाटा वाचावा म्हणून मी फोन लावला. फोनवर शिक्का मारता येत नाही. "काही नाही त्यात," मी म्हणालो. ती म्हणाली, "पण साहेब, दोन-तीन ठिकाणी लाल दिसतंय हो. रक्तासारखं." पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट होता, माझा चहा निवत होता. मी म्हणालो, "लाकडाच्या भुशाचा रंग उतरतो कधीकधी. निवांत राहा." तिने विचारलं, "मग बाटली नको ना उघडायला?" "कशाला उगाच?" ती म्हणाली, "नाही, मला आपलं उगाचच वाटलं. तुम्हाला त्रास दिला." मी म्हणालो, त्रास कसला. फोन ठेवून मी चहा प्यायलो आणि मला बरं वाटलं, कुणाचं तरी ओझं उतरवल्यासारखं.

आता ही कोंबडी माझ्यासमोर पोलादी ताटात पडली होती आणि मोठ्या बाई हातमोजे चढवत होत्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या प्रमुख, पशुवैद्य, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. चांगल्या आहेत, रागावल्या तरी आवाज चढत नाही. त्यांनी पोट उघडलं, आतडं बोटाने पुढे ओढलं आणि शेवटाकडच्या दोन आंधळ्या नळ्या वर काढल्या. एरवी त्या करंगळीएवढ्या आणि मातकट असतात. या फुगून काळ्या-लाल झाल्या होत्या. कात्री लावली तर आत नुसतं रक्त, अर्धं गोठलेलं. "रक्ती हगवण," मोठ्या बाई म्हणाल्या, जणू हे त्यांनी सांगायला हवं होतं. मी आतल्या बाजूने काच ओढली, वर थेंबभर पाणी, वर झाकणी, आणि डोळा लावला.

काच भरून पुटी होत्या. मोजायची सोय नाही, इतक्या. मला लाज वाटते, पण पहिल्या क्षणाला मला त्या सुंदर वाटल्या. दर वेळी वाटतात. एवढ्या नेटक्या, एकीसारखी दुसरी, कडा कुणी काळजीपूर्वक दोनदा गिरवलेली. कोंबडीने भुशात चोच मारली की अशी एक पुटी पोटात जाते. दळायची जी पिशवी कोंबडीच्या पोटात असते, जिने ती दाणे फोडते, तीच हिचं कवच फोडून देते. शत्रूला दार आपल्याच घरचं माणूस उघडतं. आतून आठ निघतात. आठही आतड्याच्या अस्तरात शिरतात, एकेका पेशीत एकेक, आणि तिथे दार लावून बसतात. बाहेरून काही नाही. कोंबडी खाते, पिते, भांडते. आत एकाचे शेकडो होतात, पेशी फुटते, ते शेकडो शेजारच्या पेशींत शिरतात, पुन्हा तेच, आणि ही दुसरी खेप फुटते तो पाचवा दिवस. अस्तर सोलून निघतं. रक्त येतं. पण पुटी अजून तयार झालेल्या नसतात, त्या सातव्या दिवसापासून बाहेर पडतात. म्हणजे पाचव्या दिवशी कोंबडी मरायला टेकलेली असते आणि माझी काच स्वच्छ असते. हे पुस्तकात आहे. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. त्या शिक्क्यातले दोन दिवस ते हेच दोन दिवस. तो शिक्का करून घ्या असं वरिष्ठांच्या मागे लागून मीच सांगितलं होतं, वीस वर्षांपूर्वी, आणि तो आल्यावर पेढे, नाही, पेढे नाही, काहीतरी वाटलं होतं सगळ्यांना. तिला लाल दिसत होतं. मला काही दिसलं नव्हतं. आणि दोघांत खोटं कोण, हे मी चहा निवायच्या आत ठरवून टाकलं होतं.

आईचाही तसाच कागद होता, पोटाच्या तपासणीचा. जेवणाच्या टेबलावर मी तो वाचला, कारण घरात असले कागद वाचणारा मी. दोन महिने तिला उजव्या बरगडीखाली दुखत होतं, दोन घास खाल्ले की पोट भरायचं. कागदावर शेवटी लिहिलं होतं, विशेष काही आढळले नाही. मी मान वर करून म्हणालो, "आई, काही नाही निघालं." मला वाटलं होतं तिला आनंद होईल. तिचा चेहरा उतरला. चोरी पकडली गेल्यासारखी ती म्हणाली, "मग मलाच आपलं काहीतरी वाटतंय. उगाच तुम्हाला पळवलं." धाकटी बहीण तेव्हा माहेरी आली होती, ती माझ्याकडून कागद ओढून घेत म्हणाली, "दादा, आढळलं नाही म्हणजे नाहीच का?" मी म्हणालो, "तेच ते. शब्दाचा कीस काढू नकोस." हे मी म्हणालो. ज्याने आयुष्यभर या दोन शब्दांमधल्या फटीवर पोट भरलं तो मी. पुढे आईला कुणीही विचारलं, काय होतंय, की ती म्हणायची, "काही नाही रे." बाल्कनीत कपडे काढताना डावा हात दोरीवर आणि उजव्या हाताची मूठ बरगडीखाली दाबून धरलेली, आणि माझी चाहूल लागली की मूठ सुटायची. मी ती मूठ पाहिली होती. नजरेचा पक्का माणूस मी, कशी न दिसेल? पण कागद आला होता.

सात महिन्यांनी तिला दाखल केलं तेव्हा डॉक्टरांनी नवा फोटो दिव्यासमोर धरला आणि बोट ठेवून दाखवलं. आई उशीवरून मान उचलून बघत होती. तिला त्यातलं काय कळणार? पण डॉक्टर गेल्यावर ती माझ्याकडे वळली आणि तिच्या तोंडावर, कसं सांगू, आनंद होता. आजाराचा नव्हे. "म्हणजे होतं ना?" तिने विचारलं. "मला वाटत होतं ते होतं ना?" एवढंच तिला हवं होतं. एक "हो" हवा होता. आणि मी, खाटेची लोखंडी कड धरून, म्हणालो, "तेव्हा नव्हतं आई. नंतर झालं." ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असेल," आणि डोळे मिटले. त्यानंतर ती नऊ दिवस होती आणि आम्ही बरंच बोललो, फुलझाडांना पाणी कोण घालतं, धाकटीच्या मुलाची परीक्षा, हे ते. त्या विषयावर नाही. धाकटीला मी हे अजून सांगितलेलं नाही.

"काय बघताय एवढं?" मोठ्या बाई हात धूत होत्या. मी डोळा काढला. मी त्यांना सांगितलं, मंगळवारी मी त्या बाईंना फोनवर काय म्हणालो ते. सगळं, भुशाच्या रंगासकट. त्यांनी नळ बंद केला. "कागदावर शिक्का मारलाय ना?" "मारलाय." "मग झालं तर. तोंडी तुम्ही काय बोललात ते कोण विचारतंय? त्यांनी कागद न्यायला हवा होता." त्या टॉवेलला एकेक बोट पुसत होत्या. "हे बघा भिंगकाका, तीन वर्षं राहिली तुमची. उगाच आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घेता? रिपोर्ट टाइप करून ठेवा, सोमवारी सही करते. आणि औषधाबिषधाचं बोलू नका, ते आपलं काम नाही." मी म्हणालो, "दुसरी शेड आहे त्यांची. सोमवारपर्यंत—" "त्यांचे डॉक्टर आहेत," त्या म्हणाल्या, मऊ आवाजात. बरोबरच होतं त्यांचं. त्या नियमाने बोलत होत्या, मीही एकतीस वर्षं नियमाने बोललो होतो, आणि एकदाच दयेने बोललो त्यात चाळीस जीव गेले. म्हणजे आता गप्प बसणंच शहाणपणाचं. काच पुसायची, रिपोर्ट लिहायचा, बाहेर जाऊन म्हणायचं, सोमवारी या. ती स्वतःच "नंतर" म्हणाली होती. वाक्य तिने तयार करून माझ्या हातात दिलं होतं, मला फक्त मान हलवायची होती.

मी हात धुतले. पुन्हा धुतले. बाहेर आलो तेव्हा ती बाकाच्या टोकाला बसून चपलेची सुटलेली कड दाबत होती. "सापडलं?" तिने विचारलं.

"सापडलं."

"म्हणजे ते नंतर—"

"नाही," मी म्हणालो. "मंगळवारीच होतं. आत होतं. तेव्हा काचेवर येत नाही, दोन दिवसांनी येतं. हे मला माहीत होतं. तुम्हाला सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही."

मला वाटलं होतं ती चिडेल, रडेल. तिने मानच हलवली. "नाही हो साहेब, तुम्ही कशाला चुकाल? मीच मेलीने पाण्याच्या भांड्याखालचा भुसा ओला राहू दिला. सासूबाई बुधवारपासून तेच म्हणतायत. नाहीतर डबीत मीच धड घेतलं नसेल." ती मला समजावत होती. "तुम्ही नका वाईट वाटून घेऊ." आणि मला तिचा राग आला. असला राग मला कधी येत नाही. ती उचलून सगळं आपल्या पदरात घेत होती आणि मी बघत उभा राहिलो असतो तर माझी चूकही तिने घेतली असती. "अहो बाई, ऐका!" मी ओरडलो. काउंटरवरच्या बाईंनी मान वर केली. "भुसा सगळ्यांचाच कुठे ना कुठे ओला असतो. आजार भुशातून आला असेल. पण तुमच्याकडे बाटली होती आणि ती मी बंद ठेवायला लावली. डबीही ठीक होती. तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं." आतल्या दारात मोठ्या बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. आता थांबलो तर पुन्हा तोंड उघडणार नाही हे मला ठाऊक होतं. "दुसऱ्या शेडमध्ये काय आहे?"

"काल संध्याकाळपासून तिघी-चौघी पंख पाडून बसल्यात," ती हळू म्हणाली.

"बाटली आत्ता उघडायला सांगा. रिपोर्टची वाट बघू नका. साधं पाणी काढून घ्यायचं, डॉक्टरांनी लिहिलंय तेवढंच औषध घालून पाणी ठेवायचं, दोन्ही शेडमध्ये. आणि डॉक्टरांना कळवा, म्हणावं प्रयोगशाळेतल्या माणसाने सांगितलं. माझं नाव सांगा."

"भिंगकाका," मोठ्या बाई म्हणाल्या. एवढंच. मी वळलो नाही.

तिने पिशवीतून फोन काढला. नंबर लावला नाही, फोन हातात धरून ती बसून राहिली. मग तिने विचारलं, "त्या चाळीस. मंगळवारी बाटली उघडली असती तर?"

"काही वाचल्या असत्या" म्हणता आलं असतं. "सांगता येत नाही" म्हणता आलं असतं. शास्त्राला धरूनच झालं असतं ते. मी म्हणालो, "बऱ्याच वाचल्या असत्या."

सकाळचं ते हसू तिच्या चेहऱ्यावर कधी होतं असं कुणाला सांगूनही पटलं नसतं. ती माझ्याकडे बघत होती, नीट, वरपासून खालपर्यंत, पहिल्यांदाच पाहिल्यासारखी, आणि मी बघू दिलं. मग तिने घरी सासूला फोन लावला, उठून खिडकीकडे गेली, माझ्याकडे पाठ केली. "हॅलो, आई? ती बाटली घ्या, फडताळातली. हो, उघडा. सांगते, आधी उघडा. दोन्हीकडे द्यायचंय." पलीकडून बरंच काही विचारलं जात होतं, भुसा हा शब्द मलाही ऐकू आला. "नाही, भुशाचं नाही. आई, ऐका ना. मंगळवारी मी म्हणत होते ना तुम्हाला, लाल दिसतंय म्हणून? तुम्ही सगळ्यांनी मला वेड्यात काढलं." तिचा आवाज चढत गेला आणि मध्येच फाटला, आणि तिने खिडकीचा गज धरला. "ते रक्तच होतं, आई. मला दिसलं होतं ते रक्तच होतं."